तेरा अक्षरं, तीन ठोके: लांब फ्रेंच शब्द तोडण्याविषयी

खिळे, कड्या, बिजागऱ्या, कुलपं विकणाऱ्या दुकानाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचं स्पेलिंग असं: क्यू, यू, आय, एन, सी, ए, आय, एल, एल, ई, आर, आय, ई. तेरा अक्षरं. नवशिका ‘क्विन’पासून सुरुवात करतो, ‘कैल’पाशी अडखळतो, आणि शेवटच्या ‘ई, आर, आय, ई’चं काय करायचं ते न कळून आवाज बारीक करत शब्द गिळून टाकतो. फ्रेंच माणूस तोच शब्द तीन ठोक्यांत उरकतो: कॅं-काय्-री.

बेडकाचंही तसंच. स्पेलिंग दहा अक्षरांचं, बोलताना दोन सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे दोन तुकडे: ग्र-नुय्. फ्रेंच शब्द डोळ्यांना लांब वाटतो, तोंडाला तेवढा लांब नसतो. म्हणून लांब शब्दाची भीती मोडायची तर आधी त्याची डोळ्यांनी केलेली मोजणी खोडावी लागते आणि कानाने नवी करावी लागते. तोडणं हा शब्द जरा हिंसक आहे, पण वर्गात सगळे तोच वापरतात: शब्द तोडून म्हण.

बऱ्याच शिकणाऱ्यांना वाटतं की तोडणं ही फक्त सोय आहे, मोठा घास लहान करून खाण्यासारखी. फ्रेंचमध्ये तसं नाही. काप कुठे पडतो यावर अक्षराचा उच्चार ठरतो. विशेषतः दोन अक्षरं, ‘ई’ आणि ‘एन’, ही कापाच्या कोणत्या बाजूला पडली हे कळल्याशिवाय वाचताच येत नाहीत. ‘एन’ची जुळी बहीण ‘एम’ही त्यातच धरा. बाकीचे नियम एका कागदावर मावतात. या दोन अक्षरांसाठी मात्र सवय लावून घ्यावी लागते.

पुढे जाण्याआधी नागरीत फ्रेंच कसं लिहिलंय ते सांगून टाकतो. ‘त’ आणि ‘द’ अगदी आपले, दंत्य. ‘ट’ आणि ‘ड’ फ्रेंचमध्ये नाहीत. इंग्रजीमुळे जीभ ‘ट’कडे वळते तेवढी आवरली की या दोन व्यंजनांपुरते आपण जन्मजात तयार आहोत. ‘प’, ‘त’, ‘क’ यांच्यामागे हवेचा झोत नसतो, तोही आपल्याकडे नाही. ‘र’ घशातून येतो, ‘ग’ आणि ‘ख’ यांच्या शेजारून. ‘झ’ लिहिलाय तिथे फक्त दातांमागची गुणगुण, महाप्राण नाही. तीन अनुनासिक स्वर ‘आँ’, ‘ओं’ आणि ‘ॲं’ असे लिहिलेत. ‘यु’ लिहिलाय तो मात्र फसवा आहे. तो एकच स्वर आहे, त्यात ‘य’ नाही. जीभ मराठी ‘ई’ म्हणायच्या जागी ठेवायची, ती न हलवता ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करायचे, आणि आवाज सोडायचा. याचा कंटाळा करून चालत नाही, कारण फ्रेंचमध्ये ‘द-स्यु’ म्हणजे वर आणि ‘द-सु’ म्हणजे खाली. किल्ली टेबलावर आहे की टेबलाखाली, हे एवढ्याशा ओठांवर अवलंबून.

व्यंजनाचा पाय मोडलेला असेल तर तिथे स्वर नाही. पाय मोडलेला नसेल आणि काना-मात्राही नसेल तर तिथे ‘अ’ आहे. हे आपल्याला सांगायची गरज नाही, पण फ्रेंचसाठी ही सोय किती मोलाची आहे ते ‘ई’पाशी आल्यावर दिसेल.

आता हार्डवेअरच्या दुकानात परत जाऊ. तोडायला बसताना पहिली सुरी चालवायची नसते. आधी गाठी बांधायच्या असतात. फ्रेंचमध्ये दोन-तीन अक्षरं मिळून एक आवाज होतो, आणि ती गाठ कधी कापायची नाही. ‘क्यू, यू’ मिळून नुसता ‘क’. ‘आय, एन’ मिळून ‘ॲं’. ‘सी’ इथे ‘क’. ‘ए, आय, एल, एल’ ही चार अक्षरं मिळून ‘आय्’, मराठी ‘गाय’मधल्यासारखं. मग ‘ई’, मग ‘र’, मग ‘ई’चा स्वर ‘आय’ या अक्षराने लिहिलेला, आणि शेवटचा ‘ई’ मुका. तेरा अक्षरांच्या सहा-सात गाठी झाल्या. आता मोजा: ॲं, आय्, मधला ‘ई’ आणि ‘आय’ या अक्षराने लिहिलेला शेवटचा स्वर. चार स्वर दिसतात, पण मधला ‘ई’ बोलताना गळतो. म्हणून तीन.

गाठींची यादी फार मोठी नाही. ‘ओ, यू’ म्हणजे ‘उ’. ‘ओ, आय’ म्हणजे ‘वा’. ‘ए, यू’ किंवा ‘ई, ए, यू’ म्हणजे ‘ओ’. ‘ए, आय’ म्हणजे ‘ए’. ‘ई, यू’ म्हणजे जीभ ‘ए’ची आणि ओठ ‘ओ’चे, ज्याला नागरीत अक्षर नाही. व्यंजनांत ‘सी, एच’ म्हणजे ‘श’, ‘पी, एच’ म्हणजे ‘फ’ची इंग्रजी तऱ्हा, ‘जी, एन’ म्हणजे ‘ञ’. मुलांच्या बाराखडीतला तो बिनकामाचा ‘ञ’ इथे एकदाचा उपयोगी पडतो: डोंगराला फ्रेंच शब्द आहे मों-ताञ्. दोन स्वर शेजारी असूनही त्यांची गाठ बांधायची नसेल तर फ्रेंच लिहिणारा दुसऱ्या स्वरावर दोन टिंबं देतो. एम-ए-आय-एस हे ‘मे’, म्हणजे ‘पण’. त्यातल्या ‘आय’वर दोन टिंबं दिली की ‘मा-ईस्’, म्हणजे मका. टिंबं म्हणजे इथे कापा अशी खूण.

गाठी बांधून झाल्यावर कापायचं. इथे एकच वृत्ती लक्षात ठेवली की बाकीचं आपोआप येतं: फ्रेंच सिलॅबलला स्वरावर संपायला आवडतं. बोलल्या जाणाऱ्या फ्रेंचमध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक सिलॅबल स्वरावर संपतात. म्हणून दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते बिनविरोध पुढच्या सिलॅबलला द्यायचं. विद्यापीठ या शब्दाचं फ्रेंच रूप: यु-नि-वेर्-सि-ते. इंग्रजीत तिसऱ्या तुकड्यावर हातोडा पडतो आणि बाकीचे चेपून जातात. फ्रेंचमध्ये पाचही तुकडे सारख्या वजनाचे, फक्त शेवटचा जरा लांब. आपली मराठी बोलण्याची चाल या बाबतीत फ्रेंचला इंग्रजीपेक्षा जवळची आहे. पण इंग्रजीसारखा दिसणारा शब्द समोर आला की आपण मराठी चाल सोडून इंग्रजी चालीवर जातो. सगळ्यात जास्त घोळ ओळखीच्या शब्दांत होतात, अनोळखी शब्दांत नाही.

दोन व्यंजनं असतील तर एक इकडे, एक तिकडे: वरच्या शब्दातलं ‘वेर्-सि’. अपवाद एकच, पण तो सतत भेटतो. दुसरं व्यंजन ‘ल’ किंवा ‘र’ असेल आणि पहिलं ‘प, ब, त, द, क, ग, फ, व’ यांपैकी असेल तर ती जोडी फुटत नाही. चित्र किंवा फळा म्हणजे ता-ब्लो, ‘ताब्-लो’ नाही. आपण ‘पुत्र’ ‘पुत्-त्र’ म्हणतो, जोडाक्षराचं पहिलं व्यंजन मागच्या अक्षरावर आदळवतो; त्यामुळेच तर मागचं अक्षर गुरू होतं. फ्रेंचमध्ये हा आदळ नाही. ‘ता’ वर थांबा, श्वासभर वाट पाहा, मग ‘ब्लो’. काही दिवस अतिशयोक्तीने असं थांबून म्हटलं तरच जुनी सवय सुटते.

‘एच’ कधीच ऐकू येत नाही, तेव्हा कापताना तो नाहीच असं समजायचं. नेहमीचा नसलेला, असा अर्थ असलेला एक शब्द ‘आय, एन, एच, ए’ने सुरू होतो. डोळा म्हणतो, आधी ‘ॲं’ आणि मग ‘हा’. पण ‘एच’ काढून टाकला तर ‘एन’च्या पुढे थेट स्वर येतो, ‘एन’ पुढे सरकतो, आणि शब्द होतो इ-ना-बि-त्युएल्. उपसर्ग ‘नाही’ या अर्थाचा आहे हे डोळ्यांना दिसतं, कानाला त्याचं काही पडलेलं नाही.

आणि इथेच ‘एन’चा सगळा स्वभाव आला. स्वरानंतर ‘एन’ किंवा ‘एम’ आला आणि त्याच्यापुढे व्यंजन आलं किंवा शब्द संपला, तर तो मागच्या स्वरात विरघळतो. स्वर नाकात जातो आणि ‘एन’ स्वतः उरत नाही. पुढे स्वर आला, किंवा ‘एन’च दुहेरी असला, तर तो शाबूत व्यंजन राहून पुढच्या सिलॅबलमध्ये जातो आणि मागचा स्वर तोंडातूनच येतो. अशक्य म्हणजे ॲं-पॉ-सीब्ल्. निरुपयोगी म्हणजे इ-न्यु-तील्. अचल म्हणजे इ-मॉ-बील्. तिन्हींचा उपसर्ग एकच, पण पहिल्यात काप ‘एम’च्या नंतर पडला आणि बाकी दोहोंत आधी. राष्ट्र म्हणजे ना-स्यों, नाकात. राष्ट्रीय म्हणजे ना-स्यॉ-नाल्, नाकाचा मागमूस नाही. एक ‘ए, एल’ मागे लागला आणि ‘एन’ला जायला जागा मिळाली. अपवाद आहेत, आणि ते रोजच्या वापरातले आहेत: कंटाळा हा शब्द दुहेरी ‘एन’ असूनही आँ-न्युई, आणि सोबत नेणे हे क्रियापद दुहेरी ‘एम’ असूनही ‘आँ’ने सुरू होतं. ते पाठ करायचे, दुसरा इलाज नाही.

मराठी माणसाची इथली चूक ठरलेली आहे. आपला अनुस्वार म्हणजे बहुधा पुढच्या व्यंजनाच्या घरचं अनुनासिक: ‘अंत’ म्हणजे ‘अन्त’, ‘कंप’ म्हणजे ‘कम्प’. त्यामुळे अशक्य म्हणताना ओठ मिटतात आणि ‘ॲम्-पॉ’ होतं. फ्रेंच अनुनासिकात जीभ किंवा ओठ कुठेही टेकत नाहीत. हवा तोंडातून आणि नाकातून एकदम जात राहते. हिंदीतलं ‘हाँ’ आपण नीट म्हणतो, जुन्या मराठीच्या ‘नांव’, ‘कांहीं’ लिहिण्यात हाच स्वर होता. तपासायचा सोपा मार्ग: चांगला या अर्थाचं ‘बों’ म्हणा आणि चार सेकंद ताणा. शेवटपर्यंत तोच स्वर राहिला, जिभेचं टोक खालच्या दातांमागे पडून राहिलं, तर बरोबर. ताणता ताणता ‘न्’ किंवा ‘ङ्’ ऐकू आला तर जीभ वर गेली. एकट्या शब्दात हे जमतं आणि लांब शब्दात पुन्हा बिघडतं, कारण पुढचं ‘त’ किंवा ‘प’ जिभेला आधीच बोलावतं. म्हणून ‘ॲं’ म्हणून थांबायचं, तोंड उघडंच ठेवायचं, आणि मग ‘पॉ’.

‘ई’ ही याहून मोठी गंमत. डोक्यावर रेघ नसलेला ‘ई’ बंद सिलॅबलमध्ये, म्हणजे व्यंजनावर संपणाऱ्या तुकड्यात, ‘ए’ वाचला जातो: समुद्र म्हणजे मेर्. उघड्या सिलॅबलमध्ये तोच ‘ई’ जवळजवळ आपला ‘अ’ होतो, ओठ किंचित पुढे: लहान म्हणजे प-ती. हाक मारणे या क्रियापदात ‘एल’ एकच आहे, म्हणून आ-प-ले, भरभर बोलताना आप्-ले. ‘तो हाक मारतो’ म्हणताना ‘एल’ दुहेरी होतो, कागदावर ‘ई’चा तुकडा बंद होतो, आणि उच्चार बदलतो: आ-पेल्. दुसरा ‘एल’ आवाजासाठी नाहीच, तो फक्त ‘ई’ला सांगायला आलाय की तुझं दार आता लागलं. लिहिताना दुहेरी व्यंजन मधोमध कापतात, बोलताना ते एकच असतं. ‘आप्-पेल्’ असं द्वित्त म्हणणं ही मराठीभाषकांची आणखी एक हमखास चूक, आणि ती आपल्या स्वच्छ वाचण्याच्या शिस्तीतून आलेली आहे.

आता तो ‘अ’ केव्हा म्हणायचा आणि केव्हा गाळायचा. शिकणारे या प्रश्नाने हैराण होतात, आणि मराठी शिकणाऱ्यांनी खरं तर होऊ नये, कारण हे काम आपण दिवसभर करत असतो. ‘करवत’ चार अक्षरांत लिहितो आणि कर्-वत् म्हणतो. ‘बोलणं’ लिहितो, बोल्-णं म्हणतो. कुणी शिकवलेलं नसतं. पण ‘चंद्रकोर’मध्ये ‘द्र’चा ‘अ’ गाळत नाही. गाळला तर न, द, र, क अशी व्यंजनांची गर्दी होते आणि जीभ नकार देते. फ्रेंचचा नियम हाच आहे. शनिवार तीन तुकड्यांसारखा दिसतो, पण बोलताना साम्-दी: ‘म’ आणि ‘द’ दोनच व्यंजनं शेजारी आली, चालतं. शुक्रवार मात्र वाँ-द्र-दी, बुधवार मेर्-क्र-दी. तिथे ‘अ’ गाळला तर तीन व्यंजनं एकमेकांवर चढतात, म्हणून ‘अ’ राहतो. मॉरिस ग्रामों (1866–1946) या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने हे तीन व्यंजनांचा नियम म्हणून मांडलं. नियमाला फाटे आहेत, पण शब्दाच्या मधल्या ‘ई’पुरता तो बहुतेक वेळा कामाला येतो: स्वर, एक व्यंजन, ‘ई’, मग व्यंजन असेल तर ‘ई’ गाळा, ‘ई’च्या आधी दोन व्यंजनं असतील तर ठेवा.

मोजताना आवाज मोजायचे, अक्षरं नाहीत, हे मात्र विसरू नये. सदनिका: आ-पार्-त-माँ. ‘ई’च्या आधी ‘र’ आणि ‘त’, दोन्ही ऐकू येतात, म्हणून ‘त’चा पाय मोडायचा नाही. हळूहळू या अर्थाच्या शब्दातही ‘ई’च्या आधी ‘एन’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरं दिसतात. पण तो ‘एन’ स्वरात विरघळलाय, व्यंजन म्हणून शिल्लक नाही. उरला एकटा ‘त’, म्हणून ‘ई’ गळतो: लाँत्-माँ. सरकारसाठी गु-वेर्-न-माँ, बदलासाठी शाँज्-माँ. हे चार शब्द एकाखाली एक लिहून रोज एकदा मोठ्याने म्हटले तर ‘ई’ आणि ‘एन’ यांचं नातं जेवढं कळतं तेवढं दहा पानी व्याकरणातून कळत नाही, असं माझं मत आहे.

विकास या अर्थाचा शब्द कागदावर पाच तुकड्यांचा आहे. त्यात ‘ई’ दोनदा गळू शकतो, आणि मग उरतात तीन: दे-व्लॉप्-माँ. घटना हा शब्द त्याहून मजेशीर. त्याच्या दुसऱ्या तुकड्यातल्या ‘ई’वर उजवीकडे चढणारी रेघ देत आले, म्हणजे उच्चार मिटलेला ‘ए’ हवा. पण पुढचा ‘ई’ बोलताना गळतो, त्यामुळे तुकडा बंद होतो, आणि बंद तुकड्यात ‘ए’ उघडतोच: ए-वेन्-माँ. लिहिणं एक, म्हणणं दुसरं. शेवटी 1990च्या शुद्धलेखन सुधारणांमध्ये इथे उलट्या दिशेची, खाली उतरणारी रेघही मान्य झाली. लोकांनी एक ‘अ’ खाल्ला आणि त्यामुळे शेजारच्या स्वराची टोपी फिरली.

दक्षिण फ्रान्समध्ये, तूलूझ-मार्सेच्या बाजूला, हे ‘अ’ पुष्कळसे म्हटले जातात. तिथल्या तोंडी शनिवार तीन तुकड्यांचा होतो. आणि कवितेत तर सगळीकडेच म्हटले जातात. बारा सिलॅबलांची जी अभिजात फ्रेंच ओळ आहे, तिच्यात व्यंजनाच्या आधीचा ‘ई’ मोजून घेतात, स्वराच्या आधीचा सोडतात, ओळीच्या शेवटचा धरत नाहीत. आपल्याकडे अक्षरगणवृत्तात ‘करवत’ बसवायची तर ती चार लघूंचीच धरावी लागते, बोलताना कितीही ‘कर्वत्’ म्हणा. दोन्ही भाषांत गळालेला स्वर पद्यात परत येतो. ज्याला वृत्त चालवता येतं त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

किरकोळ गोष्टी भरभर. दोन स्वरांमधला एकटा ‘एस’ म्हणजे ‘झ’, दुहेरी ‘एस’ म्हणजे ‘स’: प्वा-झों म्हणजे विष, प्वा-सों म्हणजे मासा. ‘एक्स’ कधी ‘क्स’, कधी ‘ग्झ’, आणि काप त्याच्या पोटातून जातो: ताक्-सी, पण परीक्षा म्हणजे एग्-झा-मॅं. शब्दाच्या शेवटी येणारं ‘टी-आय-ओ-एन’ म्हणजे ‘स्यों’, एकच तुकडा. आधी ‘एस’ असेल तर ‘त्यों’, जसं प्रश्नासाठी केस्-त्यों. ‘आय’च्या पुढे स्वर असेल तर ‘आय’ बहुधा ‘य’ होऊन त्याच तुकड्यात शिरतो, सिंह म्हणजे ल्यों. पण आधी ‘ब्ल’, ‘प्र’ असली जोडी असेल तर गर्दी होते आणि तुकडा वाढतो, विसरणे म्हणजे उ-ब्लि-ये. ‘अर्थातच’ या शब्दात ‘ई’च्या पुढे दुहेरी ‘एम’ आहे आणि तो ‘ई’ चक्क ‘आ’ वाचतात: ए-वि-दा-माँ. याला कारण आहे, पण ते इतिहासातलं आहे. तोंडाला नुसतं सांगून ठेवायचं.

फ्रेंचमधला सगळ्यात लांब शब्द म्हणून मुलांना दाखवतात तो पंचवीस अक्षरांचा, ‘राज्यघटनेच्या विरुद्ध रीतीने’ या अर्थाचा. त्याहून लांब शब्द जुळवता येतात, ‘आंतरशासकीयीकरणं’ अशा अर्थाचा अनेकवचनी शब्द सत्तावीस अक्षरांचा होतो, पण प्रसिद्धी पंचवीसवाल्याला. तो असा: आँ-ती-कोंस्-ती-त्यु-स्यॉ-नेल्-माँ. आठ. कागदावर नऊ, कारण ‘नेल्’नंतरचा ‘ई’ लिहितात आणि गाळतात: ‘ल’ आणि ‘म’, दोनच व्यंजनं. ‘एन’ या शब्दात चार ठिकाणी भेटतो आणि रूप बदलतो. पहिल्या तुकड्यात विरघळतो, तिसऱ्यात विरघळतो, ‘स्यॉ’पाशी दुहेरी आहे म्हणून शाबूत राहून ‘नेल्’मध्ये जातो, आणि शेवटी ‘माँ’मध्ये पुन्हा विरघळतो. ‘राज्यघटना’ एवढंच म्हणायचं असतं तर ‘स्यों’ आलं असतं. विशेषण करताच नाक मोकळं झालं. तिसऱ्या तुकड्यातला ‘स्’ मागे ठेवला काय आणि पुढच्या ‘ती’ला लावला काय, ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये या ‘ती’ आणि ‘त्यु’मध्ये ‘त’च्या मागे ‘स’ची झाक येते, आपल्या ‘चमचा’मधल्या दंत्य ‘च’सारखी.

हा शब्द पुढून म्हणायला गेलं की पाचव्या तुकड्यावर दम आणि धीर दोन्ही संपतात. म्हणून शेवटून बांधायचा. माँ. नेल्-माँ. स्यॉ-नेल्-माँ. त्यु-स्यॉ-नेल्-माँ. प्रत्येक पायरी तीनदा, बोटाने टेबलावर सारखे ठोके देत, आणि चूक झाली तर वेग कमी करून त्याच पायरीवर. पुढची पायरी तीनदा सलग बिनचूक म्हटल्यावरच. या उलट्या बांधणीला कारण आहे: फ्रेंचमध्ये वजन शेवटच्या तुकड्यावर येतं, तो किंचित लांबतो. शेवटून शिकलं की तो शेवट प्रत्येक वेळी म्हटला जातो, आणि नव्याने जोडलेला तुकडा कायम सुरुवातीला, हलका राहतो. पुढून शिकणाऱ्याचं उलट होतं. सुरुवात पन्नास वेळा घोटलेली आणि शेवट कच्चा, म्हणजे जिथे जोर हवा तिथेच तोल जातो.

शेवटची अक्षरं खोडायची की नाहीत, हे नुसतं पाहून नेहमी कळत नाही, हेही सांगायला हवं. शब्दाच्या शेवटी ‘ई-एन-टी’ आलं तर नामात, विशेषणात आणि ‘माँ’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणात ते ‘आँ’. पण ‘ते करतात’ अशा अनेकवचनी क्रियापदात ती तिन्ही अक्षरं मुकी. सी-ओ-यू-व्ही-ई-एन-टी हे एकच स्पेलिंग: नाम असेल तर कु-वाँ, म्हणजे मठ, क्रियापद असेल तर नुसतं कुव्, म्हणजे उबवतात. मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात असं वाक्य लिहिलं तर तो शब्द शेजारी शेजारी दोनदा येतो आणि दोन वेगळ्या तऱ्हांनी वाचावा लागतो. इथे तोडणं उपयोगी नाही. आधी वाक्य समजावं लागतं.

आणि वाक्यात शिरलं की शब्दांच्या कडाही राहत नाहीत. ‘तिच्याबरोबर’ हे दोन शब्द आ-वेक् आणि एल्, पण म्हणताना आ-वे-केल्: ‘क्’ला पुढे स्वर दिसला आणि तो उडी मारून गेला. ‘मित्र’ या शब्दाआधी अनेकवचनाचं ‘ले’ आलं की त्याचा एरवी मुका ‘एस’ जागा होतो: ले-झा-मी. मराठीभाषक शब्द सुटे सुटे, स्वच्छ म्हणतो, आणि तेच इथे परकं वाटतं. फक्त एक खबरदारी. काही शब्दांचा ‘एच’ मुका असूनही अडून बसतो, मागच्या व्यंजनाला आत येऊ देत नाही. नायक, शूरवीर हा शब्द त्यातला. ‘ले’ म्हणून क्षणभर थांबायचं आणि मग ‘ए-रो’. सवयीने जोडून ले-झे-रो म्हटलं तर सगळे शूरवीर शून्य होतात, कारण शून्यांचा उच्चार तोच आहे. नायिकांना मात्र ही अडचण नाही. त्यांचा ‘एच’ अडत नाही, तेव्हा तिथे बेलाशक जोडून म्हणावं: ले-झे-रॉ-ईन्.